माकडांची बिल्टी

पार्सल ऑफिसात माणूस लिहायला मागाहून शिकतो, हुंगायला आधी शिकतो. गोंदिया जंक्शनवर मी रुजू झालो तेव्हा माझ्या आधीच्या बाबूंनी ताबा देताना एवढंच सांगितलं होतं, "लेबलावर काय लिहिलंय ते शेवटी वाच. आधी वास घे, मग पेटी हलवून बघ, मग पाठवणाऱ्याच्या तोंडाकडे बघ." मी अजून तोच क्रम पाळतो. घरी पाहुण्याने मिठाईचा पुडा आणला तरी हात आधी हलवायला जातो. बायको त्यावर चिडते.

बाहेरच्यांना वाटतं, पार्सलबाबू म्हणजे एक काटा आणि एक शिक्का. काम तसं सोपंच आहे. माणूस माल आणतो, आत काय आहे ते सांगतो, आम्ही तोलतो, भाडं घेतो आणि बिल्टी देतो. बिल्टी म्हणजे पावती. ती जो दाखवेल त्याला दुसऱ्या टोकाला माल मिळतो. पण बिल्टीवर 'मालाचे वर्णन' असा एक रकाना असतो, आणि सगळी भानगड त्या रकान्यात असते. इंजिन, डबे, रूळ सगळं लोखंडाचं. हा रकाना तेवढा माणसाच्या तोंडच्या शब्दावर चालतो.

गोंदियाच्या आसपास जंगल भरपूर, आणि जंगलातलं जे काही बाहेर जातं ते बहुतेक आमच्या फलाटावरून जातं. हिरड्याच्या पोत्यात सांबराची शिंगं सापडली. विडीच्या टोपल्यांत पोपट सापडले. टोपलीवर हात मारला तर आतून उत्तर आलं. तेंदूपानांच्या गठ्ठ्यात बिबट्याचं कातडं घालणाऱ्याला वाटलं होतं, पानांचा वास पुरेल. पुरला नाही. एका चांगल्या कपड्यांतल्या गृहस्थाने 'देवाच्या मूर्ती, नाजूक' असं लिहिलेली पेटी आणली होती. मी म्हटलं, "महाराज, मूर्ती सरकताहेत." ते म्हणाले, "देव जागृत आहे." आत अजगर होता. जंगलखात्याचा पास नसेल तर असा माल आम्ही अडवतो, खात्याला कळवतो आणि पुढच्या पेटीकडे वळतो. यात शौर्य काही नाही. सवय आहे.

मला लिहायचं आहे ते माकडांविषयी, कारण त्या एका खेपेला माझ्या काट्याशेजारी दोन सरकारं उभी राहिली होती.

त्या काळात आपल्या देशातून लाल तोंडाची माकडं परदेशी जात असत. पोलिओ नावाच्या तापात लहान मुलांचे पाय लुळे पडतात. त्यावर लस निघाली होती आणि ती करायला माकड लागतं असं सांगितलं जाई. माकडं पकडणारे ठेकेदार उगवले. पिंजऱ्यांत कोंबून पाठवलेली माकडं वाटेत मेल्याच्या बातम्या आल्या, वर्तमानपत्रांत ओरड झाली आणि सरकारने निर्यात थांबवली. मग माकडं मागणाऱ्या परदेशी सरकारशी दिल्लीत बोलणी सुरू झाली. त्यांनी लिहून द्यायचं की जनावर फक्त औषधासाठी वापरू, बॉम्ब किंवा असल्या कशाच्या चाचणीला नाही. आपण लिहून द्यायचं की पिल्लं पाठवणार नाही, आजारी पाठवणार नाही, आणि लोकांच्या भावनांचा प्रश्न असल्यामुळे देवळातली, घाटावरची, वस्तीत पोसलेली माकडं पाठवणार नाही; फक्त जंगलातली. दोन्हीकडून सह्या झाल्या. मला हे कळलं ते वरून आलेल्या परिपत्रकामुळे. त्याच्या तळाशी लिहिलं होतं की गाडीत चढवण्याआधी माल आणि वर्णन जुळत असल्याची सही पार्सलबाबूने करावी.

म्हणजे दिल्लीच्या मोठ्या टेबलावर जे ठरलं, त्याचं शेवटचं टोक माझ्या दौतीत बुडत होतं. माझा दोन्ही सरकारांवर विश्वास नव्हता. रोज सह्या करणाऱ्या माणसाला सहीची किंमत माहीत असते.

आमच्याकडचा ठेकेदार गिरधारी. गोड बोलणारा, पायात करकरणारे जोडे. त्याची पहिली खेप सालेकशाच्या जंगलातून जायची होती आणि ती बघायला दिल्लीचे एक अधिकारी आणि परदेशी वकिलातीतला एक डॉक्टर गोंदियाला येणार असल्याची तार आली. स्टेशनमास्तरांनी फलाट धुऊन घेतला. मी माझी यादी केली: दिल्लीचा परवाना, वकिलातीचा कागद, ढोर-डॉक्टरचा दाखला, कुठून पकडली त्याचा दाखला, पिंजऱ्यांची मापं. एकेक कागद तपासला. सगळे बरोबर होते. इतके बरोबर कागद मी गिरधारीकडे कधी पाहिले नव्हते, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आदल्या दिवशी दुपारी खिडकीशी एक म्हातारी आली. कमरेला खोचलेलं लुगडं, हातात काठी, पायावर धूळ. कामठ्याच्या पलीकडच्या एका गावाहून चालत आली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढे वाचाल तर कारण समजेल. तिचं नाव कौतिकाबाई. गावच्या मारोतीच्या देवळाची झाडलोट आणि दिवाबत्ती ती करत असे.

"बाबू, माहे माकडं पाह्यले का?" तिने विचारलं.

"कुठली माकडं, मावशी?"

"मारोतीचे. परवापासून एकबी नाही दिसून राहिला. सारे गेले. झाडं सुन्ने पडले. लोकं म्हंतेत, टेसनावर माकडं चालले. मी म्हनलं, पाहून येतो."

मी कागद वर केला. "इथून जाणार आहेत ती सालेकशाच्या जंगलातली आहेत. तसा दाखला आहे."

"दाखला माकडानं देल्ला का?"

मागे हमाल मंसाराम हसला. मंसाराम मडावी सालेकशाकडचा. आमच्या ऑफिसात सगळ्यांत जुना. 

तेवढ्यात फलाटावर गाडीचा टोल पडला. आमच्याकडे स्टेशनवर रुळाचा एक तुकडा टांगलेला असतो. गाडी मागच्या स्टेशनवरून सुटली की लोखंडी दांड्याने त्यावर टोले देतात. कौतिकाबाई एकदम वळली.

"हे तं आमच्या मारोतीसारखंच वाजते," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. गावच्या देवळाला पितळी घंटा घ्यायची ऐपत नव्हती. बारक्या गाडीची, अरुंद रुळांची लाइन पडली तेव्हा उरलेला रुळाचा एक तुकडा आणि एक लांब बोल्ट कुणी गँगमनने देवाला दिला. तेव्हापासून आरतीला त्याच रुळावर त्याच बोल्टने टोल देतात. "टोल देल्ला का सारे येतेत खाली. रांगेनं बसतेत. हात पुढं करतेत. फुटाने देल्याबिगर उठत नाहीत. माह्या हातचेच घेतेत, पुजाऱ्याच्या हातचे नाही."

मी तिला सांगितलं की आज माल आलेला नाही, उद्या येईल, तुम्ही घरी जा. ती "बरं" म्हणाली आणि गेली नाही. तिसऱ्या वर्गाच्या मुसाफिरखान्यात जाऊन बसली.

ती गेल्यावर मंसाराम काट्यावर हात टेकून उभा राहिला. त्याची थोरली मुलगी तापात आजारी पडली होती आणि तिचा एक पाय कायमचा गेला होता. काठी धरून घरातल्या घरात फिरायची. तिच्या पाठचा भाऊ अजून तान्हा होता. लशीबद्दल ऑफिसात आम्ही बोलत असू ते सगळं त्याने ऐकलं होतं.

"बाबूजी, हे माकडं गेले तं दवाई आपल्याकडंबी येईल ना जी?"

"तसं म्हणतात."

"कोन म्हनते?"

मी पिंजऱ्यांच्या मापांचा कागद पुन्हा वाचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही साहेब उतरले. दिल्लीचे साहेब बारीक, बंद गळ्याचा कोट, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. वकिलातीचा डॉक्टर उंच, उन्हाने लाल झालेला, खिशात मोजपट्टी. मला वाटलं होतं, दोघं मिळून माल बघायला आले आहेत. थोड्याच वेळात लक्षात आलं की माल हे निमित्त होतं. ते एकमेकांना बघायला आले होते. डॉक्टर पिंजऱ्यांचं माप घेऊ लागला की साहेब त्याच्या पट्टीवरचा आकडा वाचत. साहेब माझ्याशी हिंदीत बोलले की डॉक्टर दुभाष्यासारखा माझा चेहरा वाचत असे. दोघं एकमेकांशी फार अदबीने वागत होते. इतक्या अदबीने आमच्याकडे फक्त भावकीतले वाटणीच्या दिवशी वागतात.

मी संधी साधून माझ्या मोडक्या इंग्रजीत डॉक्टरला विचारलं, "ही सगळी औषधासाठीच ना?"

"आम्ही तसं सही करून दिलंय," तो म्हणाला.

"सही मीही देतो, साहेब. म्हणून विचारलं."

त्याने मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मी ज्या प्रयोगशाळेसाठी आलोय तिची खात्री देतो. बाकीच्यांची मला देता येत नाही." दिल्लीच्या साहेबांनी घसा साफ केला. त्या दिवसातलं ते मला पटलेलं पहिलं वाक्य होतं.

गिरधारीच्या बैलबंड्या मालधक्क्याच्या बाजूने आल्या. पिंजरे तरटांनी झाकलेले. मंसाराम आणि इतर हमालांनी ते उतरवून माझ्या ऑफिससमोर फलाटावर ओळीने मांडले. गिरधारी हात जोडून पुढे झाला. "देख लीजिए साहब, एकदम जंगली माल. एक बच्चा नहीं, एक बीमार नहीं."

तरटं काढली. पिंजरे खरंच ऐसपैस होते, पाण्याची भांडी होती, पिल्लू एकही नव्हतं. माकडं मागच्या फळीला चिकटून बसली होती. डॉक्टर खूश दिसला. दिल्लीच्या साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "कीजिए दस्तखत. मेल में ही चढाना है."

मी टाक दौतीत बुडवला आणि तेवढ्यात मेलचा टोल पडला.

पहिल्याच टोल्याला पिंजऱ्यांत हालचाल झाली. दुसऱ्या टोल्याला ओळीतल्या कितीतरी पिंजऱ्यांच्या गजांतून हात बाहेर आले. तळवे वर केलेले. एकामागून एक, जसं पंगतीत वाढप्यापुढे पान सरकवावं तसे. आरडाओरडा नाही, ओढाताण नाही. हात बाहेर काढून माकडं शांत बसून राहिली, जणू कुणीतरी येणारच आहे. काही पिंजऱ्यांतली माकडं मात्र त्याच आवाजाने दचकून मागच्या कोपऱ्यात एकमेकांत शिरली.



"भूखे हैं," गिरधारी म्हणाला.

"भुकेली आहेत," साहेबांनी डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं.

डॉक्टर त्या हातांकडे बघत होता. "भुकेलं जंगली माकड घंटेची वाट बघतं?" त्याने विचारलं. साहेबांना नव्हे, मला.

दिल्लीच्या साहेबांनी माझा दंड धरून मला ऑफिसात नेलं. दार लावून म्हणाले, "बाबू, ही एका स्टेशनाची गोष्ट नाही. यामागे कित्येक महिन्यांची बोलणी आहेत. त्यांच्यासमोर आपला दाखला खोटा ठरला तर उद्या ते म्हणतील, हिंदुस्थानच्या शब्दाला अर्थ नाही. सही करा. ठेकेदाराला मी नंतर बघतो."

मला त्यांचं म्हणणं समजत होतं. माणूस वाईट नव्हता. देशाची अब्रू सांभाळायला आला होता आणि ती अब्रू त्याला गिरधारीच्या पिंजऱ्यात सापडली होती. मी म्हटलं, "साहेब, आपण लिहून दिलंय की देवळातलं जनावर जाणार नाही. ते इथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत, मोडलं तर औषधापलीकडे कशाला वापरणार नाही हे त्यांचं लिहिणं आपण कुठल्या तोंडाने पाळायला सांगणार?"

"मग काय सगळी खेप परत पाठवू? तिकडे मुलं मरताहेत."

"सगळी कशाला? निवडू या."

"कशी निवडणार? माकडांना विचारणार?"

"हो," मी म्हटलं.

आमच्या धंद्यात मिसळलेला माल निवडण्याची रीत आहे. दोन धन्यांची ढोरं एका वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, आली तर आम्ही धन्यांना हाक मारायला लावतो. ढोर ज्याच्याकडे मान वळवेल त्याचं. मला तेच करायचं होतं. फक्त हाक मारणारी म्हातारी नको होती. ती एका बाजूची होती. टोल कुणाच्याच बाजूचा नव्हता.

अडचण अशी की गाडी नसताना स्टेशनवर टोल देणं हा गुन्हा आहे. मेल येऊन उभी होती, खेपेसाठी थांबवून ठेवलेली; मागे दुसरी गाडी नव्हती. मी मंसारामला बोलावलं. "गाडी नाही, तरी टोल द्यायचा. प्रत्येक पिंजरा पुढे आणला की एकदा. हुकूम माझा."

मंसाराम हलला नाही. "बाबूजी, जे हात काढतीन ते वापस जातीन?"

"हो."

"तं दवाई कमी होईल."

त्याच्या घरी पाळण्यात मूल होतं.  डॉक्टरला मी त्याचं म्हणणं सांगितलं. डॉक्टर मंसारामकडे वळला आणि म्हणाला, "थोडी कमी होईल. उशीरही होईल. किती, ते मला माहीत नाही." मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. गोड करून सांगायचा मोह झाला होता.

मंसारामने ऐकून घेतलं. "हा खरं बोलते वाटते," तो म्हणाला. मग दांडा उचलून रुळाकडे गेला.

पहिला टोल पडताच मुसाफिरखान्यातली माणसं गाठोडी घेऊन धावत सुटली. रायपूरकडे निघालेलं एक वऱ्हाड नवरदेवासकट रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर गेलं, आणि पुढच्या टोलाला परत आलं. स्टेशनमास्तर धोतर सावरत आले. "कोण वाजवतंय? गाडी कुठाय? नोकरी नकोशी झाली का?" दिल्लीच्या साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते का थांबवलं, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित त्यांनाही बघायचं असेल.

आम्ही पिंजरे एकेक करून पुढे आणले. टोल पडला की काहींतून हात यायचे, काहींतून दातांचा किचकिचाट. ज्यांतून हात आले ते मी भिंतीकडे लावले. मधेच म्हातारी आली. कुणी बोलावलं नव्हतं. टोल ऐकून आली होती, तीसुद्धा. पदरात फुटाणे बांधलेले होते. भिंतीकडच्या पिंजऱ्यांपुढे बसली आणि एकेका तळव्यावर फुटाणे ठेवू लागली. "कायले गेल्ते रे बोंबलत? आँ? कायले?" ती त्यांना रागावत होती. माकडं खात होती. डॉक्टरने टोपी काढून हातात घेतली, मग काय करावं न सुचून पुन्हा डोक्यावर ठेवली.

गिरधारी तोवर दिसेनासा झाला होता.

जंगलातले पिंजरे मेलच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढले. त्यांच्यासाठी मी सही केली. उरलेल्यांसाठी वकिलातीच्या डॉक्टरने कागदावर लिहून दिलं की वर्णन न जुळल्याने माल घेतला नाही, आणि खेप कमी झाल्याबद्दल त्याच्या सरकारची तक्रार नाही. दिल्लीच्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "टोल माझ्यासमोर वाजला असं कुठे लिहू नका." गाडी सुटताना दोघं एकाच डब्यात समोरासमोर बसले होते आणि अजून अदबीने बोलत होते.

परत पाठवायचे पिंजरे नेणार कसे हा प्रश्न होता. मालधक्क्यावर एक बंडी अजून उभी होती; गिरधारीच्या बाकीच्या बंड्या निघून गेल्या होत्या. मी कौतिकाबाईला तिकडे नेलं. ती बंडीजवळ पोचली आणि थबकली. जुवाखालच्या बैलांपैकी एकाचं शिंग मोडकं होतं. बैलाने तिला बघून मान लांब केली. तिने त्याच्या गळ्याखाली हात घातला.

"हे तं आमचे ढोरं हायत," ती हळू म्हणाली. मग मोठ्याने, "दसाराम! ये बाहेर."

गोदामाच्या भिंतीआडून एक धट्टाकट्टा माणूस आला. तिचा मुलगा. खाली बघत होता.

"तू आनले?"

"माय, घरी चाल. इथं नको."

"तू आनले का ते सांग."

"हो, मी आनले! साऱ्या गावानं सांगतलं, मी एकटा नाही. धान ठेवतेत का ते? वावरात काही उरते? दरसाल घरावरचे कवेलू फोडतेत. पावसाच्या आंधी घरावर चढून कवेलू कोन फिरवते, तू का मारोती?"

"मंग सांगाचं होतं मले."

"सांगतलं असतं तं जाऊ देल्ली असतीस?"

"नाही."

"मंग?"

 म्हातारी बंडीवर चढली आणि पिंजऱ्यांना पाठ टेकून बसली. दसारामने कासरा उचलला. तेव्हा त्याला राग आला होता की लाज वाटत होती, हे मला ठरवता आलं नाही. जाताना त्याने मला विचारलं, "बाबू, तुमचं काय गेलं असतं हो?" प्रश्न बरोबर होता. माझी सही गेली असती, असं मी म्हणालो. त्याने मान हलवली, माणूस दारूच्या नशेत बोलतोय असं वाटल्यावर हलवतात तशी.

गिरधारीचा ठेका काही दिवस थांबला आणि मग दुसऱ्या नावाने सुरू झाला. जोडे तेच करकरत होते. गाडी नसताना टोल दिल्याबद्दल माझ्याकडून खुलासा मागवला गेला. माकडांबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. खुलाशात मी 'मालाची ओळख पटवण्यासाठी' असं लिहिलं आणि मला ताकीद मिळाली. ती मी फाइलला लावून ठेवली आहे.

यंदा महाराष्ट्र झाला, आमच्या पाट्या बदलल्या. औषध अजून गोंदियाला आलेलं नाही. मोठ्या शहरांत मिळतं असं ऐकतो. मंसाराम दर हिवाळ्यात एकदा विचारतो, "आली का जी?" मी म्हणतो, अजून नाही. त्याचा मुलगा आता धावतो, पडतो, पुन्हा धावतो. मुलाला ताप आला की मंसाराम कामावर येत नाही, आणि मी त्याची रजा न विचारता मांडतो.

कौतिकाबाई मधल्या काळात पुन्हा एकदा आली. माकडं परत नेऊन सोडल्यावर वर्षही झालं नसेल. खिडकीशी उभी राहिली. अंगाने निम्मी झाली होती.

"कशी आहेत मावशी, तुमची माकडं?"

"हायत. झाडावर हायत."

"गाव काही म्हणत नाही ना?"

"गावाचं भलं झालं. वावरात उतरत नाहीत. घरावर येत नाहीत. मानूस दिसला का शेंड्यावर जातेत." तिने पदराखालून एक लांब, गंजलेला बोल्ट काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. एक टोक ठोकून ठोकून चपटं झालेलं होतं. "हे तुह्या रेल्वेचं हाय. घे वापस."

"अहो, देवाचं आहे ते. आरती कशाने करता?"

"टाळ्या वाजवतो." ती जायला वळली, पुन्हा थांबली. "म्या लय दिवस टोल देल्ला बाबू. फुटाने घेऊन बसलो. एकबी नाही आला. टोल पडला का सारे शेंड्यावर पयतेत. त्याईले वाटते, गाडी आली."

ती फलाटावरून गेली. मंसारामने बोल्ट उचलून विचारलं, "हा कोनत्या रकान्यात मांडू जी?"

बाहेर मेलचा टोल पडू लागला होता. मी त्याला म्हटलं, टोल संपेपर्यंत थांब.